नाचणीवर दळलेली ज्वारी

हे लिहायला बसलो खरा, पण बसल्यापासून दोनदा उठून आलो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लिहिणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, असं समजतच मी मोठा झालो. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत पन्नाशीला आलेला माणूस आहे. तरी लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुमच्या घरात म्हणे गव्हाचा आजार होता? आमच्या नातवाला तेच सांगितलंय." मी उभ्या उभ्या त्यांना काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं, की जे सांगायला हवं होतं तेच राहून गेलं. ते सांगायचं तर माझ्या वडिलांची एक चूक सांगावी लागते. ते आता नाहीत, त्यामुळे हात अडखळतो. पण ती चूक त्यांच्या चांगुलपणातून झाली होती आणि निस्तरलीही त्यांनीच. उद्धटपणा वाटला तर वाचणाऱ्यांनी मला माफ करावं.

आमची पिठाची गिरणी कोल्हापुरात शिवाजी पेठेत होती. पुढे गिरणी, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये एक दार. लाकूड फुगल्यामुळे ते दार कधीच पुरतं लागायचं नाही. आप्पा मूळचे कोडोलीचे, हिकमतीनं शहरात येऊन त्यांनी गिरणी घातली होती. सकाळी गिरणीचा पट्टा चढला, की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची आणि दुपारच्या जेवणाला पट्टा उतरला, की थांबायची. त्या तासाभरातही आम्ही सवयीनं ओरडूनच बोलत असू. मग अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, "हळू बोला की. गिरणी बंद हाय." अव्वाचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी. मला ती लाडानं 'तम्मा' म्हणायची आणि खरंच रागावली, की सरळ कानडीत शिरायची. पिठाची धूळ घरभर असे. हंड्यावर झाकण ठेवलं तरी पाण्यावर पांढरी साय धरायची. आप्पांच्या पापण्या, अव्वाचा पदर, माझ्या वह्यांची कव्हरं, सगळ्यांवर तीच. ती धूळ मला कधी घाण वाटली नाही. सगळ्यांच्या घरात अशीच असते, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

आप्पांचा एक नियम होता आणि त्याबद्दल पेठेत त्यांना मान होता. घरचं दळण शेवटी. ते म्हणत, "गिऱ्हाइकाचा डबा खाली आन मालकाचा वर, असली गिरणी म्या चालवायचो न्हाय." बायकांचे डबे सकाळपासून रांगेत लागायचे. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असं जमेल तेवढं आप्पा लावून घ्यायचे. त्या वर्षांत पेठेत घरोघर भाकरी कमी आणि चपाती जास्त होत चालली होती, त्यामुळे रांगेत गव्हाचे डबे वाढले होते. सगळे डबे गेले, की दिवेलागणीच्या सुमाराला आमची ज्वारी त्याच दगडांत पडायची. आम्हाला भाकरीच लागायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, कधी झुणका. त्या गरम पिठाचा वास मला अजूनही कुठल्याही गिरणीवरून जाताना येतो आणि पाय थोडे मंदावतात.

सुमी, म्हणजे सुमित्रा, माझी धाकटी बहीण. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि दहा-अकराची दिसायची. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे, चेहरा पिवळट, तोंड सारखं आलेलं. दिवसातून चार-पाचदा तिला पळावं लागायचं. जंताचं औषध झालं, लोहाच्या बाटल्या झाल्या, काविळीचा मंत्रसुद्धा झाला. रांगेतल्या बायका तिच्या देखत म्हणायच्या, "गिरणीवाल्याची पोरगी आन अशी वाळल्याली!" सुमीची जीभ मात्र वाळली नव्हती. ती म्हणायची, "पीठ सगळं तुमी नेतासा मावशी. मला नुस्ती धूळ ऱ्हातीया." बायका हसायच्या आणि आप्पाही हसायचे. अंगाला लागावं म्हणून तिचं खाणं आम्ही वेगळं ठेवलं होतं. आम्हाला भाकरी, तिला मऊ चपाती दुधात कुस्करून. आम्हाला नुसता चहा, तिला चहाबरोबर टोस्ट. तिच्या वर्गातल्या मुली केव्हाच मोठ्या झाल्या होत्या. ही झाली नव्हती. अव्वा त्याबद्दल कुणाशी बोलायची नाही, पण देवापुढे ती बराच वेळ बसायला लागली होती आणि का बसते ते मला कळत होतं.

त्या वर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, कोडोलीहून आत्ती आली. आप्पांची थोरली बहीण, आवाज असा, की गिरणी चालू असली तरी तिला ओरडावं लागायचं नाही. येताना तिनं डबाभर हुग्गी आणली होती. आमच्याकडे खपली गव्हाच्या खिरीला हुग्गी म्हणतात. भिजवून कांडलेला गहू, गूळ, खोबरं, खसखस.

"वाटीनं न्हाय, ताटलीनं खा," आत्ती सुमीला म्हणाली. "गहू पोटात गेल्याबिगार रगात हुतंय व्हय?"

"आत्ती, प्वाट दुखतंय."

"दुखतंय म्हंजे भरतंय. दुखू दे."

दोन दिवस तिनं सुमीला हुग्गी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी सुमी मोरीपर्यंत जाता जाता कोसळली. आप्पांनी तिला उचललं आणि मला म्हणाले, "इज्या, ह्यात काय वजनच न्हाय रं." तेवढं एकच वाक्य ते रिक्षात बसेपर्यंत तीनदा बोलले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. ते उत्तरेकडे, जिथे लोक तिन्ही त्रिकाळ गहू खातात तिथे शिकून आले होते आणि असे रोगी त्यांनी पाहिले होते. रक्त तपासायला बाहेर पाठवलं, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. निकाल आल्यावर त्यांनी आम्हा चौघांना समोर बसवलं. "आतड्याच्या आतून टॉवेलसारखी लव असते," ते म्हणाले. "अन्नातलं सत्त्व ती टिपून घेते. हिची लव झडलीय. टॉवेलचा पंचा झालाय. वरून कितीही ओता, टिपायला काही नाही." मग गव्हाबद्दल सांगितलं. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी भांडता भांडता स्वतःचंच आतडं ओरबाडून काढतं. ह्याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका पोटभर.

"जन्मभर?" आप्पांनी विचारलं. "डॉक्टर, आमची पिठाची गिरणी हाय."

"मग चांगलंच झालं की," डॉक्टर म्हणाले. "ज्वारी घरच्या घरी दळून घाला."

बाहेर रोग्यांची रांग होती. त्यांनी घाईत म्हटलं आणि आम्हाला ते पटलं. उठता उठता अव्वा दारातच थांबली. आवाज खाली करून म्हणाली, "वय झालंय तिचं. आजून काय न्हाय." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्तच नाही, शरीर ते काम मागं ठेवतं. आधी वजन वाढेल, मग उंची. मग पाळीही येईल. ती आली, की आतलं जागेवर आलं असं समजा." तेव्हापासून आमच्या घरात सगळे कशाची वाट बघताहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

टोस्टचा डबा आप्पांनी स्वतः नेऊन शेजारी दिला. चपात्या बंद झाल्या. आत्तीला कळलं तेव्हा ती तावातावानं आली. "गव्हाचं म्हंता तर म्हना. खपली काय गहू हाय व्हय? खपली ती खपली." मी पुस्तकात बघून आलो आणि घाबरत घाबरत तिला सांगितलं, की खपली गव्हाचीच जात आहे आणि तिच्यातही तेच आहे. "चार बुकं काय शिकलंस, आता खपलीलाबी नावं ठेवतूस," ती म्हणाली, पण त्यानंतर तिनं डबा आणला नाही.

सुमी पहिला महिनाभर सुधारली. पोटाचं पळणं कमी झालं. मग गाडी तिथेच अडली. पाच महिने झाले तरी वजनाचा काटा जागचा हलला नाही. पुन्हा रक्त तपासलं, तर दोष होता तसाच. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि सुमीला विचारलं, "बाहेर काही खातेस का? खरं सांग. रागावणार नाही." नातेवाईक म्हणू लागले, डॉक्टरच बदला. आणि एके दिवशी अव्वानं तिचं दप्तर तपासलं. बिस्किटाचा कागद वगैरे सापडतो का म्हणून. काही सापडलं नाही, पण सुमीनं ते पाहिलं. ती रडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, मी एक घास खाल्ला न्हाय. तुला तरी खरं वाटतंय का?"

मला खरं वाटत होतं. पण नुसतं वाटून काय उपयोग? कॉलेजच्या ग्रंथालयात अन्नरसायनशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून, पानाला तास लावून वाचलं. त्यात दिलं होतं तसं करून बघितलं. कणकेचा गोळा नळाखाली धरून दाबत राहिलो. पांढरं पाणी वाहून गेलं आणि शेवटी हातात सुपारीएवढा, रबरासारखा ताणला जाणारा एक लगदा उरला. ज्वारीचा गोळा तसाच धरला, तर तो पाण्याबरोबर सगळाच गेला. सुमीनं लांबूनच लगदा काडीनं टोचला. "ह्योच व्हय त्यो? एवढंसं हाय की," ती म्हणाली. "एवढ्याशासाठी अव्वानं माझं दप्तर उलटं केलं." पण ते एवढंसं तिच्या पोटात येतं कुठून, हे मला पुस्तक सांगत नव्हतं.

ते सांगितलं पन्हाळ्याकडच्या एका बाईच्या नाचणीनं. शनिवारी दुपारी मी गिरणीत आप्पांना हातभार लावत होतो. नाचणी दळून झाली आणि मागचा डबा ज्वारीचा होता. ज्यांचा डबा होता त्या मावशी पिठाकडे बघून ओरडल्या, "ओ मालक, माझं पीठ लाल का?"

"नाचणीवर आलंय मावशी," आप्पा म्हणाले. "पयल्यांदा तसंच येनार. दगडात ऱ्हायल्यालं असतंय, दुसऱ्याच्यात उतरतंय. फुडं पांढरं हुतंय बगा."

मी हातात घमेलं धरून तसाच उभा राहिलो. पीठ लालसर आलं, मग फिकट, मग आणखी फिकट. निम्मा डबा झाला तरी पांढऱ्यात विटकरी छटा दिसत होती. त्या मावशी कुरकुरत होत्या आणि मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं.

दोन दिवस मी बोललो नाही. आप्पांना काय म्हणायचं? की तुमचा नियम, ज्याच्याबद्दल लोक तुम्हाला नमस्कार करतात, तोच तिला आजारी पाडतो आहे? मी शिकलेला आणि ते न शिकलेले, त्यामुळे तर ते जास्तच अवघड होतं. सोमवारी दुपारी रांगेत सात-आठ डबे असताना मला राहवलं नाही. मी पट्ट्याच्या आवाजात म्हणालो, "आप्पा, आपली ज्वारी गव्हावर दळली जाते."

"मग? पंधरा वर्सं तशीच दळतोय."

"नाचणी लाल असते, म्हणून उतरलेली दिसली. गव्हाचं पीठ ज्वारीच्याच रंगाचं, ते दिसत नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. हातातला डबा खाली ठेवला आणि खटका पाडला. पट्टा फिरत फिरत थांबला. बायका म्हणाल्या, "काय झालं हो? लाईट गेली?"  आप्पांनी पाना घेतला, वरचा दगड सोडवला आणि उलटा केला. छिन्नीनं टाकी लावून पाडलेल्या खाचाखाचांत पीठ ठासून बसलं होतं. बोटानं त्यांनी एक खाच कोरली आणि ते बोट बराच वेळ डोळ्यांसमोर धरलं.

"म्हंजे म्याच घातलं म्हन की तिला. रोज."

"आप्पा, आपल्याला माहीत नव्हतं."

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "दगडात पीठ ऱ्हातंय हे माज्यापरास कुनाला ठावं? ठावं हुतं, पर तिच्याशी लावलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना समोर बसवून गिरणी कशी चालते ते सांगितलं. डॉक्टरांनी ह्या वेळी पेन खाली ठेवून ऐकलं. आम्ही गिरणीच्या मागेच राहतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं. ज्वारी वेगळी दळली तरी भागणार नाही, ते म्हणाले. दिवसभर जी धूळ पाण्यावर, भाकरीवर, ताटावर बसते तीही तेवढीच वाईट. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, असंही म्हणाले. आप्पा घरी आले, जेवले आणि हात धुता धुता म्हणाले, "गिरनी बंद."

पेठेत ती मोठीच बातमी झाली. तालमीपुढच्या कट्ट्यावर लोक म्हणायचे, "आप्पा, चालती गिरनी मोडता व्हय? पोरीला कोडोलीला ठेवा की भनीकडं." आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "गिरन्या पेठंत धा हाईत. सुमी एक हाय." दगड गेले, पट्टा गेला. आम्ही आठवडाभर भिंती धुतल्या, चुना दिला, गाद्या फोडून कापूस उन्हात घातला. भाकरी थापायची काठवट नवी आणली. मी डबे तपासत सुटलो होतो. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं निघालं, तेव्हा अव्वानं चुलीवरची आमटी खाली उतरवली. "आमटीतबी?" ती म्हणाली. सुमीचं दप्तर तपासलेलं तिला तेव्हा आठवलं असावं, कारण त्या दिवशी तिनं सुमीची वेणी स्वतःहून घातली आणि बराच वेळ घालत राहिली.

गिरणीच्या जागी आप्पांनी चटणीचा डंक बसवला. मिरच्या कुटायचं यंत्र. आधी आम्ही पांढरे होतो, आता सगळे लाल झालो आणि उन्हाळ्यात अख्खी गल्ली शिंकायची. "आदी पिठानं मारत हुता, आता ठसक्यानं मारा," सुमी म्हणायची. ज्वारी दळायला आत्तीनं कोडोलीहून तिचं जातं पाठवलं. आम्ही ते घासूनपुसून, तीनदा तांदूळ फिरवून घेतलं. आणि पंधरा वर्षं विजेच्या गिरणीचे मालक असलेले आप्पा रोज सकाळी एक पाय लांब करून त्या जात्यापुढे बसू लागले. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले. अव्वा म्हणाली, मी दळते. "हे दळन माजं हाय," ते म्हणाले आणि खुंटा सोडला नाही.

आता बाजारात 'ग्लूटेन फ्री' लिहिलेली चकचकीत पाकिटं मिळतात. धडधाकट माणसं उगाचच गहू सोडतात आणि मला विचारतात, तुम्हाला तर ह्यातलं माहीत आहे. मी त्यांना सांगतो, गव्हाचा राग धरू नका. पण पोर अंगी लागत नसेल, रक्त भरत नसेल, तर आधी तपासणी करा आणि मगच गहू सोडा, कारण आधी सोडला तर तपासणीत काही दिसत नाही. आणि सोडायचाच ठरला, तर घरातला गहू आधी शोधून काढा. तो चपातीत असतो तेवढाच नसतो. रस्त्यातल्या त्या बाईंना हे सांगायचं राहिलं होतं.

सुमीत फरक पडला तो इतका सावकाश, की रोज बघणाऱ्याला दिसू नये. सहा महिन्यांनी तिच्या ओठांना रंग आला. वर्षानं शाळेचा झगा आखूड झाला. रक्ताचा दोष दर तपासणीला थोडा थोडा उतरला. मी बी.एस्सी. झालो आणि एम.एस्सी.ला पुण्याला गेलो, तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती. पण ज्याची वाट बघायची ती बातमी आली नव्हती. घरच्या पत्रात सगळं असायचं, डंकाचं, मिरचीचं, आत्तीच्या गुडघ्याचं. ते नसायचं, आणि मी विचारूही शकत नव्हतो.

एका रविवारी सकाळी वसतिगृहाच्या कार्यालयातून बोलावणं आलं. कोल्हापूरहून फोन आहे. घरून फोन म्हणजे काहीतरी वाईट, अशी तेव्हा आमची समजूत होती. मी चार-चार पायऱ्या उतरत गेलो. रेक्टरसर समोर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे आत्ती. तिला फोनची सवय नव्हती. तिला वाटायचं पुणे लांब आहे, म्हणून मोठ्यानं बोलायला हवं.

"इज्या! ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय आत्ती. काय झालं? सुमी बरी आहे ना?"

"बरी म्हंजे? तुजी अव्वा लाजतीया, तुजा बा बोलंना झालाय, म्हनून मला फुडं केलंय." मग तिनं श्वास घेतला आणि रेक्टरसरांच्या हातातला पेपर खाली आला इतक्या मोठ्यानं म्हणाली, "सुमीला न्हान आलंय रं!"

 तिकडे फोन कुणीतरी काढून घेतल्याचा खरखराट झाला. मग आप्पांचा आवाज आला. ते आधी खाकरले.

"कळलं न्हवं?"

"कळलं, आप्पा."

"हां," ते म्हणाले. "मग झालं."